पोटातलं आम्ल: 'पित्त' म्हणून ज्याच्यावर गोळ्या झाडतो ते नेमकं करतं काय?

अम्लवेतस

मराठीत 'पित्त' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं, ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. रिकाम्या पोटी उलट्या झाल्या की शेवटी जे पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं तो यकृतात बनणारा पित्तरस, त्याचा आम्लाशी संबंध नाही. आणि अंगावर 'पित्त उठतं', गांधी येतात, ते त्वचेतल्या पेशींतून सुटलेल्या हिस्टामीनमुळे. गंमत अशी की हेच हिस्टामीन जठरात आम्ल सोडायचा निरोपही देतं, फक्त तिथे त्याचं कुलूप वेगळं (एच-टू, त्वचेत मुख्यतः एच-वन). म्हणून पित्ताची ॲलर्जीवाली गोळी जळजळीवर चालत नाही.

हा धागा पहिल्या पित्तापुरता, म्हणजे जठराम्लापुरता.

जठराच्या अस्तरात पॅरायटल पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर प्रोटॉन पंप असतो. एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलायचा, एक पोटॅशिअम आत घ्यायचा, एवढंच त्याचं काम. पण पेशीच्या आत आणि बाहेर आम्लतेत दहा लाख पटींहून जास्त फरक असताना ते करायचं असल्याने ऊर्जा भरपूर लागते. पेशीतून ताजा निघालेला रस पीएच १ च्या आतबाहेर असतो (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र). रिकाम्या जठरात इतर स्राव मिसळून तो साधारण १.५ ते ३.५ भरतो. दिवसभरात एकूण जठररस दीड ते दोन लिटर.

पंप सुरू करणारे तिघे: व्हेगस मज्जातंतूच्या टोकाशी सुटणारं ॲसिटिलकोलीन, जठराच्या खालच्या भागातून रक्तात जाणारं गॅस्ट्रिन आणि शेजारच्या पेशींतलं हिस्टामीन. फोडणीचा वास आला तरी पहिला कामाला लागतो. जेवणाच्या वेळच्या एकूण स्रावापैकी साधारण तिसरा हिस्सा घास पोटात पडायच्या आधीच्या या टप्प्यातला असतो. आम्ल पुरेसं झालं की सोमॅटोस्टॅटिन गॅस्ट्रिनला आवरतं. हा लगाम लक्षात ठेवा, गोळ्या बंद करण्याच्या चर्चेत तो पुन्हा येईल.

आता आम्ल करतं काय. 'अन्न जाळतं' हे वर्णन चूक. प्रथिनांची गुंडाळी उलगडणं हे त्याचं पहिलं काम. दुसरं, पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपाचं पेप्सिन करणं. पेप्सिन पीएच २ च्या आसपास जोरात चालतं, ५ च्या पुढे जवळजवळ थंडावतं आणि ७ च्या वर गेलं की कायमचं बाद होतं. पिष्ट आणि चरबीचं मुख्य पचन पुढे लहान आतड्यात होतं. 'आम्ल कमी म्हणून भात पचत नाही' हे तर्कट त्यामुळे टिकत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम निरोप्याचं. आंबट लगदा लहान आतड्याच्या तोंडाशी पोचला की तिथून सिक्रेटिन सुटतं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटचं पाणी सोडून आम्ल मारतं. बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०२ साली हे दाखवलं. संप्रेरक म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं रसायन.

जीवनसत्त्वं, लोह आणि जंतूंविषयी जाणकारांनी भर घालावी.

दहीपोहे

एक शंका. जेवताना पाणी प्यायलं की जठराग्नी विझतो, आम्ल पातळ होतं, असं घरोघरी सांगतात. यात तथ्य किती?

अम्लवेतस

आकडेमोड करून पाहा. जठरात २५० मिली रस आहे, पीएच १.५. त्यात २५० मिलीचा पेला ओतला. आम्लाची तीव्रता निम्मी झाली, पण पीएच लॉगच्या पट्टीवर मोजतात (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट), म्हणून तो फक्त १.८ होतो. पेप्सिनला काही फरक पडत नाही. निव्वळ पाण्याने तो ३.५ वर न्यायचा तर रस शंभर पट पातळ करावा लागेल, म्हणजे एकूण २५ लिटर. शिवाय पाणी भरभर पुढे सरकतं आणि पंप चालूच असतात.

आम्ल खरं शोषतं ते अन्न. वरण, दही, मांस यांतली प्रथिनं ते धरून ठेवतात आणि जेवणानंतर जठराचा पीएच ४ ते ६ पर्यंत चढतो, मग पुढच्या दोनेक तासांत हळूहळू उतरतो.

तरीही ज्यांना घशाशी येतं त्यांनी जेवणावर दोन-तीन पेले एकदम पिऊ नये. कारण आकारमानाचं आहे. जठर ताणलं की अन्ननलिकेच्या तळाची झडप मधूनमधून सैल पडते. दोन-चार घोट घ्यायला हरकत नाही.

तिखटमीठ

जेवणानंतर पीएच चढतो म्हणता, मग जळजळ नेमकी जेवणानंतरच का होते?

खलबत्ता

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ल अन्नात सगळीकडे सारखं मिसळत नाही. जेवणानंतर जठराच्या वरच्या टोकाला, झडपेच्या अगदी खाली, अन्नाच्या थरावर ताज्या आम्लाचं तळं साचतं. झडप सैल पडली की आधी वर येतं ते हेच. जेवून लगेच ओणवं होऊन फरशी पुसली, नाडी-पट्टा करकचून आवळला किंवा आडवं झालं की त्याला वाटच मिळते.

सोडिअम अल्जिनेटची पातळ औषधं याच जागी काम करतात. आम्लाशी भेटल्यावर त्यांची तरंगती साय बनते आणि ती या तळ्यावर झाकणासारखी बसते. म्हणून ती जेवणानंतर आणि झोपताना घ्यायची. जेवणाआधी घेतली तर साय अन्नाखाली गाडली जाते आणि पैसे वाया.

रात्रीच्या त्रासाला साधे उपाय: शेवटचं जेवण आणि झोप यात तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंमी उंचीचे ठोकळे किंवा विटा. उशांची चळत नको, त्याने कमरेत घडी पडून पोट उलट दाबलं जातं. आणि डाव्या कुशीवर झोपायचं, कारण त्या स्थितीत अन्ननलिकेचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं.

शेवंतीची वेणी

आमच्याकडे थंड दूध हा रामबाण. आणि नाहीतर खायचा सोडा अर्धा चमचा पाण्यातून.

खलबत्ता

दूध काही मिनिटं आम्ल शोषतं, बरं वाटतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शिअम पुढे स्राव वाढवतात. एकेकाळी अल्सरवाल्यांना तासातासाला दूध पाजायची पद्धत होती, ती याही कारणाने मागे पडली. क्वचित अर्धा कप घेतलं तर बिघडत नाही, पण रात्री मोठा पेलाभर साईचं दूध पिऊन आडवं होणं म्हणजे स्निग्ध पदार्थाने जठर उशिरा रिकामं करणं आणि झडपही ढिली करणं.

सोड्याचं गणित जास्त गंभीर आहे. रिकाम्या जठरात ५० मिली रस धरला, पीएच १.५, तर त्यातलं आम्ल मारायला ०.१३ ग्रॅम सोडा पुरतो. चिमूटभरच! अर्धा चमचा म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ वीसपट. उरलेला क्षार पुढे रक्तात जातो. सोबत सोडिअमही जातं: सोड्याच्या प्रत्येक ग्रॅममागे २७० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे २ ग्रॅम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. गच्च जेवणावर सोडा तर नकोच, निघणारा वायू आधीच ताणलेल्या जठराला आणखी फुगवतो.

फसफसणाऱ्या पुड्यांत सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असतं, त्यामुळे बराचसा वायू पेल्यातच निघून जातो. सोडिअम मात्र तेवढंच पोटात जातं.

मेडिकलमधल्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांत बहुधा ॲल्युमिनिअम आणि मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडची जोडी असते. पहिल्याने मलावरोध होतो, दुसऱ्याने जुलाब. दोन्ही एकत्र घालण्यामागे तेवढाच हिशेब.

ओसरी

याच्याशीच जोडलेली एक चाचणी फिरते आहे: सकाळी उपाशीपोटी पाव चमचा सोडा पाण्यातून घ्या, पाच मिनिटांत ढेकर आला नाही तर तुमचं आम्ल कमी आहे, मग ॲपल सायडर व्हिनेगर सुरू करा.

अम्लवेतस

वरच्याच आकड्यांनी तिचा निकाल लागतो. ५० मिली रसातून जास्तीत जास्त ४० मिली वायू निघेल, हे फार तर एका लहानशा ढेकराएवढं. गटागटा पाणी पिताना हवा गिळली जाते ती वेगळीच. ढेकर आला काय, न आला काय, निष्कर्ष शून्य.

व्हिनेगरबद्दल: त्याचा पीएच साधारण २.५ ते ३, म्हणजे ते निरोगी जठररसापेक्षा सौम्य. ज्याचं आम्ल खरंच आटलं आहे त्याची भरपाई दोन चमच्यांनी होत नाही. दातांचं एनॅमल मात्र पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं, त्यामुळे तिथलं नुकसान नक्की.

आम्ल खरोखर कमी असतं का? असतं. सगळ्यात जास्त कारण म्हणजे आपणच घेतलेल्या गोळ्या. त्यानंतर हेलिकोबॅक्टर या जठरात राहणाऱ्या जंतूमुळे वर्षानुवर्षांत झिजलेलं अस्तर आणि शरीराने स्वतःच्याच पॅरायटल पेशींवर केलेला हल्ला. नुसतं वय वाढलं म्हणून आम्ल आटत नाही. शंका असेल तर डॉक्टर रक्तातलं गॅस्ट्रिन, पेप्सिनोजेन, पॅरायटल पेशींविरुद्धची प्रतिपिंडं तपासतात, दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेतात. खऱ्या कमतरतेत गॅस्ट्रिन खूप चढलेलं सापडतं, कारण लगाम सुटलेला असतो.

जास्वंद_

बी-१२ विषयी लिहिते, कारण महाराष्ट्रातल्या शाकाहारी घरांना हा भाग थेट लागू आहे.

अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटलेलं बी-१२ आधी लाळेतल्या एका प्रथिनावर बसतं, लहान आतड्यात त्यावरून उतरून पॅरायटल पेशींनीच बनवलेल्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरला चिकटतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटी शोषलं जातं. साखळीतली पहिली कडी आम्लाची.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या की पंचाईत: आहारात फक्त दूध-दही, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रोज पित्ताची गोळी. तिघेही बी-१२ ला वेगवेगळ्या टप्प्यावर अडवतात. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून त्रास उशिरा कळतो: तळपायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, चालताना तोल जाणं. मधुमेहात मुंग्या आल्या की दोष सरसकट साखरेला दिला जातो, तेव्हा बी-१२ तपासून घ्यावं.

दिलासा असा की गोळीतलं बी-१२ मोकळंच असतं, त्याला आम्ल लागत नाही. इन्ट्रिन्सिक फॅक्टर अजिबात नसला तरी मोठ्या मात्रेतलं एखादा टक्का नुसतं झिरपतं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १० च्या आसपास, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम.

लोहाचंही तसंच. पालेभाज्या, डाळी, बाजरीतलं लोह आम्लात विरघळून शोषण्याजोगं होतं. भाजीवर लिंबू पिळायची पद्धत इथे कामाची, क जीवनसत्त्व तेच काम करतं. जेवणाबरोबरचा चहा उलट अडवतो. कॅल्शिअमच्या गोळ्यांत कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्या, त्याला आम्ल लागतं. रोज पित्ताची गोळी चालू असेल तर सायट्रेट बरं.

तिखटमीठ

आणि जंतू?

जास्वंद_

पटकीचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. स्वयंसेवकांवरच्या जुन्या प्रयोगांत नुसत्या पाण्यातून पटकीचे जंतू दिले तर आजार व्हायला दहा कोटी किंवा त्याहून जास्त लागले. आधी सोडा पाजून आम्ल मारलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास पुरले. साल्मोनेलाचं तसंच. पावसाळ्यात रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांनी उघड्यावरचं पाणी, बर्फ, चटणी याबाबत इतरांपेक्षा जास्त काटेकोर राहावं ते यामुळे.

दहीपोहे

आता मुद्द्यावर या. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल. अर्धा महाराष्ट्र सकाळी चहाबरोबर हेच घेतो.

खलबत्ता

'चहाबरोबर' इथेच चुकतं.

ही औषधं रक्तात तास-दीड तासाने निम्मी होतात, पण परिणाम दिवसभर राहतो. कारण ती पंपाला कायमची चिकटून तो बंद पाडतात आणि नवे पंप बनायला वेळ लागतो. अट एकच: पंप त्या वेळी चालू हवा. झोपलेल्या पंपावर औषध बसत नाही. पंप सगळ्यात जास्त जागे होतात ते रात्रभरच्या उपासानंतरच्या पहिल्या खाण्याने. म्हणून गोळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, साध्या पाण्याने. म्हणजे नाश्त्याने पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. गोळी घेऊन दुपारी बारापर्यंत काहीच न खाणं हेही तितकंच निरुपयोगी. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात, तेव्हा 'आत्ता जळजळतंय, एक घेऊन टाकतो' याला ही गोळी उपयोगाची नाही, तिथे अँटासिड किंवा फॅमोटिडीन (जठरातलं हिस्टामीनचं कुलूप अडवणारी गोळी).

गोळी चावू, कुटू नका. औषध आम्लातच नासतं, वरचं वेष्टण त्यासाठी असतं.

नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' लिहिलेली पाकिटं वेगळी. त्यात डोम्पेरिडोन असतं, मळमळ-उलटीवरचं औषध. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपात २०१४ साली ते १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवड्याच्या आत, असं मर्यादित केलं गेलं. आपल्याकडे लोक तेच महिनोन्‌महिने 'पित्ताची गोळी' समजून घेतात. पाकीट उलटं करून घटक वाचा.

रॅनिटिडीनबद्दल कोणी विचारायच्या आधीच: एनडीएमए या, कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धीमुळे अमेरिकेत ते २०२० साली बाजारातून काढलं, आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ साली वगळलं. त्याच गटातल्या फॅमोटिडीनला ती अडचण नाही.

ओसरी

बंद करताना दुप्पट त्रास होतो, म्हणजे सवय लागते का?

खलबत्ता

व्यसनासारखी नाही. लगाम आठवा. आम्ल दबलं की गॅस्ट्रिन वाढतं आणि हिस्टामीनवाल्या पेशी बळावतात. गोळी अचानक थांबली की ही सगळी फौज मोकळी सुटते आणि काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त आम्ल बनतं. २००९ सालच्या एका डॅनिश प्रयोगात १२० धडधाकट माणसं घेतली, ज्यांना जळजळीचा त्रास नव्हताच. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि मग चार आठवडे नकली गोळी, बाकीच्यांना बाराही आठवडे नकली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणं आली, दुसऱ्यात १५ टक्क्यांना. म्हणजे गोळी थांबवल्यावरचा त्रास बघून 'मला ही जन्मभर लागणार' असं ठरवणं घाईचं.

उतरवायची नेहमीची पद्धत: ४० वरून २० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग एकाआड एक दिवस दोन आठवडे, मग बंद. मध्ये जळजळलं तर अल्जिनेट किंवा फॅमोटिडीन. पण सगळ्यांनी उतरवायची नसते. अल्सरमधून रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेला गंभीर इजा किंवा बॅरेट (आम्लाने अन्ननलिकेच्या तळाचं अस्तर बदलणं), ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू असलेले, वयस्कर आणि रोज दुखण्याच्या गोळ्या घेणारे, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. क्लोपिडोग्रेलवाल्यांनी ओमेप्राझोल-इसोमेप्राझोल टाळून पॅन्टोप्राझोलबद्दल विचारावं, कारण आधीची दोन क्लोपिडोग्रेलला यकृतात पुरतं सक्रिय होऊ देत नाहीत.

शेवंतीची वेणी

थायरॉईडची गोळीही उपाशीपोटी, ही पण उपाशीपोटी. आधी कोणती?

खलबत्ता

उठल्याबरोबर थायरॉईडची, अर्ध्या तासाने पित्ताची, त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता. मात्र इथे अंतर ठेवून प्रश्न पूर्ण सुटत नाही. थायरॉक्सिन विरघळायला आम्ल लागतं आणि ते दिवसभरच दबलेलं असतं. म्हणून पित्ताची रोजची गोळी सुरू किंवा बंद केली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) पाहायचा. अँटासिड, लोह, कॅल्शिअम यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तास हवेत, ती तिला थेट चिकटतात.

निंबोणी

कोकम आंबट, मग सोलकढी पित्तावर कशी चालते?

अम्लवेतस

जठरात पीएच १.५ चा रस असताना वाटीभर सोलकढीने तिथली आम्लता वाढायचं कारण नाही. पण अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर आंबट घोट जाता जाता झोंबतो. ज्याला झोंबत नाही त्याने खुशाल प्यावी. आगळात मीठ भरपूर असतं एवढं बघा. माझा आक्षेप सोलकढीपेक्षा उपासावर आहे: दिवसभर नुसता चहा आणि रात्री शेंगदाण्याचं कूट, तूप घातलेली साबुदाणा खिचडी भरपेट. स्निग्धामुळे जठर तासन्‌तास भरलेलं राहतं, मग दोष साबुदाण्याला.

आणि 'पित्त काढणं', मीठपाणी पिऊन घशात बोटं घालणं, कृपया बंद करा. मिठाच्या तीव्र पाण्याने रक्तातलं सोडिअम धोकादायक चढू शकतं, जोराच्या उबळीने अन्ननलिकेचं अस्तर फाटून रक्त येऊ शकतं. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ पडलेलं एनॅमल घासलं जातं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरा (इथे सोडा चालतो, गिळायचा नाही) आणि निदान अर्ध्या तासाने दात घासा.

जास्वंद_

'पित्त' म्हणून घरी थांबायचं नाही अशी लक्षणं: डांबरासारखी काळी शी, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, नव्याने सापडलेला रक्तक्षय. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ, चालताना धाप असेल तर अँटासिड शोधत बसू नका, थेट ईसीजी.

दुखण्याच्या गोळ्यांचा अल्सर आम्ल वाढून होत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात, त्यामुळे अस्तरावरचा चिकट थर आणि बायकार्बोनेट घटतं. हे रक्तातून होतं, त्यामुळे वेष्टणाची ॲस्पिरिन किंवा इंजेक्शन घेतलं म्हणून जठर सुरक्षित राहत नाही.

तिखटमीठ

हेलिकोबॅक्टरची श्वासाची चाचणी सांगितली आहे कोणाला तर गोळ्यांचं काय करायचं?

जास्वंद_

तो जंतू युरिएज हे विकर वापरून युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून तगतो. चाचणीत कार्बनची खूण केलेला युरिया पाजून तोच कार्बन श्वासात येतो का ते बघतात. प्राझोल गटातली गोळी चालू असेल तर जंतू दबलेले असतात आणि चाचणी खोटी 'नाही' येते. म्हणून प्राझोल किमान १४ दिवस आधी बंद, प्रतिजैविकं आणि बिस्मथ किमान २८ दिवस. मधल्या काळात साधं अँटासिड चालतं, फक्त चाचणीच्या दिवशी सकाळी नको. उपाशीपोटी जायचं. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी स्वस्त पडते, पण जंतू गेल्यावरही ती दीर्घकाळ 'आहे' म्हणत राहते, त्यामुळे उपचारानंतर खात्री करायला श्वासाची किंवा शौचाची प्रतिजन चाचणीच सांगतात, औषधं संपल्यापासून चार आठवड्यांनी.